हिस्टॉरिक डिस्ट्रिक्ट: कोण ठरवते आणि कारभार कसा चालतो

आपण अमेरिकेत ज्या जुन्या वस्तीत घर घेतले आहे, तिला हिस्टॉरिक डिस्ट्रिक्टचा, म्हणजे ऐतिहासिक क्षेत्राचा दर्जा देण्याचा प्रस्ताव शहरापुढे आला आहे, आणि तो मंजूर झाल्यास स्वतःच्या घराची खिडकी बदलण्यासाठीही परवानगी लागेल का, असे आपण विचारले आहे. आमच्या शहराच्या ऐतिहासिक इमारतींच्या जतन-आयोगावर मी काही वर्षे काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम हे पाहा की प्रस्ताव नेमका कोणत्या दर्जाचा आहे, कारण एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात. 1966च्या संघीय कायद्याने सुरू झालेल्या ‘नॅशनल रजिस्टर’मध्ये, म्हणजे ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत, वस्तीची नोंद झाली, तर मान मिळतो आणि संघीय पैसा किंवा परवाना लागणाऱ्या प्रकल्पांचा वस्तीवर काय परिणाम होईल याचा विचार सरकारला करावा लागतो, पण स्वतःच्या पैशाने घर बदलण्यास, अगदी पाडण्यासही, ही नोंद मालकाला अडवत नाही. उत्पन्न देणाऱ्या इमारतीच्या मान्यताप्राप्त दुरुस्तीवर 20 टक्के संघीय करसवलत मिळू शकते, मात्र स्वतः राहता त्या घराला ती लागू नाही. खरे नियंत्रण येते ते शहराच्या स्वतःच्या अध्यादेशातून, आणि शहराला तो अधिकार राज्याच्या कायद्याने दिलेला असतो.

शहराच्या अध्यादेशाने नियंत्रण ठेवण्याची ही पद्धत 1931 मध्ये चार्ल्स्टन शहराने आपल्या झोनिंगच्या, म्हणजे जमीन-वापराच्या नियमांतून सुरू केली. न्यूयॉर्कचे जुने पेन स्टेशन हे रेल्वे स्थानक 1963 पासून पाडले गेले, त्यानंतरच्या हळहळीतून 1965 मध्ये तिथला जतनाचा कायदा झाला. त्याच कायद्याखाली ग्रँड सेंट्रल स्टेशनवर कार्यालयांची उंच इमारत बांधू न देण्याचा शहराचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी उचलून धरला. मालकाला मालमत्तेचा वाजवी उपयोग करता येत असेल, तर अशा निर्बंधासाठी नुकसानभरपाई द्यावी लागत नाही, असा त्याचा मथितार्थ आहे, आणि देशभरातील आयोग आजही त्याच्याच आधारावर उभे आहेत.

क्षेत्र ठरवताना आधी घरोघर पाहणी होते, महत्त्वाचा कालखंड निश्चित केला जातो, सीमा आखली जाते आणि प्रत्येक इमारत त्या इतिहासात भर घालणारी आहे की नाही, याची यादी बनते. मग जाहीर सुनावणी होते आणि बहुतेक ठिकाणी शेवटचे मत सिटी कौन्सिलचे असते. न्यूयॉर्कमध्ये मात्र अकरा सदस्यांचा आयोगच दर्जा देतो आणि कौन्सिल तो निर्णय बदलू किंवा फेटाळू शकते. काही शहरांत मालकांच्या ठराविक प्रमाणातील संमतीची अट असते, काही ठिकाणी ती मुळीच नसते. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा कागद ही यादीच आहे, आणि दुर्दैवाने सुनावणीला येणारे बहुतेक लोक ती न वाचताच येतात. आपले घर यादीत ‘भर घालणारे’ ठरले, तर पुढची प्रत्येक तपासणी अधिक काटेकोर होते.

आता खिडकी. क्षेत्र जाहीर झाल्यावर रस्त्यावरून दिसणाऱ्या बाह्य बदलांसाठी बहुतेक शहरांत ‘सर्टिफिकेट ऑफ ॲप्रोप्रिएटनेस’, म्हणजे बदल वस्तीच्या रूपाला साजेसा असल्याचा दाखला, घ्यावे लागते. घराच्या आतल्या भागाशी आयोगाचा सहसा संबंध नसतो. जुन्या वरखाली सरकणाऱ्या खिडकीची दोरी तुटलेली असते, त्या दोरीला बांधलेले, खिडकी तोलून धरणारे भिंतीतले वजन खाली पडलेले असते, खालची आडवी पट्टी कुजलेली असते, आणि मालकाला वाटते की खिडकीच संपली. प्रत्यक्षात दोरी बदलता येते, कुजलेला तुकडा कापून नवे लाकूड बसवता येते, काचेभोवतीची लांबी (पुटी) नव्याने भरता येते, आणि बाहेरून स्टॉर्म विंडो, म्हणजे थंडी-वाऱ्यापासून बचाव करणारी जादा खिडकी, लावली की थंडीचाही प्रश्न बराच सुटतो. बदलण्याचा अर्ज आला, तर आम्ही काचांमधल्या पट्ट्या उठावदार आहेत का हे पाहत असू, कारण दोन काचांच्या मध्ये अडकवलेल्या सपाट पट्टीची सावली पडत नाही आणि घराचा दर्शनी भाग निर्जीव वाटू लागतो. हा हट्ट नाही. रस्त्याचे रूप अशाच बारीक गोष्टींनी टिकते.

जसेच्या तसे केलेले दुरुस्तीचे काम अनेक ठिकाणी कर्मचारीच मंजूर करतात, मोठे बदल आणि पाडकाम सुनावणीला जाते. नकार मिळाल्यास अपील करता येते, आणि नियम पाळल्याने मालमत्तेचा वाजवी उपयोगच उरत नसेल, तर आर्थिक अडचणीचा अर्ज करता येतो; त्यात आकडे आणि कागदपत्रे मांडावी लागतात, नुसते सांगून भागत नाही. उलट, घर मुद्दाम पडके होऊ देणाऱ्या मालकाला किमान देखभालीची सक्ती करण्याची तरतूदही पुष्कळ अध्यादेशांत असते.

सुनावणीपूर्वी अध्यादेशाचा मसुदा, मार्गदर्शक तत्त्वे आणि ती यादी शहराच्या नियोजन विभागाकडून मागून घ्या. यादीत आपल्या घराची नोंद चुकीची वाटत असेल, तर जुनी छायाचित्रे किंवा बांधकाम परवाने जोडून आत्ताच लेखी हरकत द्या, कारण क्षेत्र जाहीर झाल्यावर नोंद बदलून घेणे फार कठीण जाते. आणि खिडकीला हात लावण्याआधी तिचे आतून-बाहेरून फोटो काढून ठेवा. अर्जासोबत ते लागतीलच.