दक्षिण अमेरिकेतल्या पांतानालसारख्या पाणथळ प्रदेशात कॅमेरा ट्रॅपने (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याने) जग्वार कसे मोजतात?

प्रत्येक जग्वारचे ठिपके वेगळे असतात, त्यावरून तो ओळखता येतो. पण डाव्या आणि उजव्या अंगावरची नक्षी सारखी नसते. म्हणून एका ठिकाणी दोन कॅमेरे, वाटेच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून साधारण ४०-५० सेंमी उंचीवर. ते अगदी समोरासमोर नकोत, किंचित सरकवून लावावेत. नाहीतर एकाचा फ्लॅश दुसऱ्याचा फोटो पांढरा करतो. तोंड उत्तर-दक्षिण ठेवलं की उगवता-मावळता सूर्य भिंगात येत नाही.

दोन ठिकाणांमधलं अंतर मादीच्या वावरक्षेत्रापेक्षा बरंच कमी हवं. बहुधा २-३ किमी ठेवतात. काम कोरड्या हंगामात, दोन-तीन महिन्यांत उरकायचं. जास्त लांबवलं तर जन्म, मृत्यू, स्थलांतर यांनी हिशेब बिघडतो. पुराच्या काळात तर कॅमेरेच बुडतील.

खरा वैताग गवताचा. कॅमेऱ्याचा सेन्सर आजूबाजूपेक्षा वेगळ्या तापमानाचं काही हललं की जागा होतो. उन्हात तापलेलं गवत वाऱ्याने हललं की सेन्सर चालू होतो आणि कार्ड रिकाम्या फोटोंनी भरतं, तेव्हा समोरचं गवत आधी कापा. उलट भर दुपारी जमीन प्राण्याच्या अंगाइतकीच तापली, तर समोरून गेलेला जग्वारही निसटतो.

शेवटी नुसते वेगवेगळे जग्वार मोजून आकडा सांगू नये. कोणता प्राणी कुठे, किती वेळा पुन्हा दिसला यावरून घनता काढतात.