पुण्यातली नोकरी सोडून कोकणात जागा-जमिनीच्या व्यवहारांचं काम करावं का? पोट भरेल का, आणि गावात राहण्याची मजा घेता येईल का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात फ्लॅट विकण्याचा अनुभव आहे, आजोळ दापोली तालुक्यात आहे, तिथलं घर बंद पडून आहे. तिथे जाऊन जमिनीचे व्यवहार करायचे आणि पावसाळा, आंबे, शिमगा असं सगळं उपभोगायचं. जमेल का?

मी त्याच बाजूला हे काम करतो. पोट भरतं, पण दरमहा नाही. दुसऱ्या भागाचं म्हणाल, तर त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. शिमग्याला आणि गणपतीला गावात हजर असणं हे इथे निम्मं काम आहे. ज्याला हे ओझं वाटेल त्याने पुण्यातच फ्लॅट विकावेत.

कारण साधं आहे. जमीन इथे असते, मालक इथे नसतो. कुठलाही जुना सातबारा काढा. तीन भाऊ, वारलेल्या चौथ्याची बायको-मुलं, चार बहिणी, शिवाय वारसनोंद न झालेली एखादी आत्या. कुणी विरारला, कुणी डोंबिवलीला, कुणी थेट बडोद्याला. गावात राहणारा भाऊ तुम्हाला जागा दाखवतो आणि म्हणतो, “बहिणींचं काय नाय, त्या सही देतील.” बहुतेकदा देतातही. पण हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आला. वडील २००५ च्या आधी वारले असले तरी तो हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. तेव्हा तोंडी “देतील”वर व्यवहार उभा राहत नाही. एक तर सगळ्यांनी खरेदीखतावर सह्या करायच्या, नाहीतर आधी रीतसर नोंदवलेलं हक्कसोडपत्र हवं. आणि हे सगळे भाऊ-बहीण एका छपराखाली वर्षातून दोनदाच येतात.

गणपतीत बोलणी होतात. आरत्या झाल्या, जेवणं झाली, की पडवीत पत्त्यांचा डाव बसतो आणि तिथेच “ती वरची वरकस जमीन कुणी विचारत होतं म्हणे” असा विषय निघतो. तुम्ही तो काढायचा नाही, त्यांच्यातल्याच कुणाला तरी काढू द्यायचा. मग विसर्जन होतं, चाकरमानी परततात आणि पितृपक्ष लागतो. त्या पंधरवड्यात इसार, म्हणजे व्यवहाराची आगाऊ रक्कम, द्यायला-घ्यायला कुणी तयार नसतं. व्यवहार पुढे सरकतो तो दसऱ्याला, नाहीतर दिवाळीनंतर. पुण्यात ‘महिनाअखेर’ हा शब्द ऐकून तुमची झोप उडत असेल. इथे कॅलेंडरचं पान उलटून काही होत नाही, पंचांग बघावं लागतं.

शिमग्याचं निराळं. ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते, आणि ती आपल्या अंगणात यायची त्या दिवशी घरातलं माणूस कुठेही असो, येतंच. त्या दिवशी जमिनीचा शब्द काढू नये. मी पालखी नाचवायला खांदा देतो, प्रसाद घेतो, घरी जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यातला मोठा भाऊ स्वतःच बोलावतो. तुम्हाला हा डावपेच वाटेल, आणि थोडा आहेही. पण गावात तुमच्याबद्दलचं मत तुमच्या व्हिजिटिंग कार्डावरून होत नाही. पालखीला आला होता का, अमक्याच्या मयताला होता का, लावणीच्या वेळी शेजाऱ्याच्या शेतात उतरला होता का, यावरून होतं.

आता जागा कधी दाखवायची. गिऱ्हाईक येतं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. हवा छान असते, हिरवं अजून टिकून असतं, सगळंच सुंदर दिसतं. माझा आग्रह असतो की पसंत पडली असेल तर जुलैत परत या. डोंगरउतारावरची जागा जुलैत खरं बोलते. पऱ्या, म्हणजे पावसाळी ओढा, कुठून वाहतो, पाणी कुठे तुंबतं, वरून दरड येण्यासारखी आहे का, मातीचा रस्ता गाडी नेऊ देतो का, नदीवरचा छोटा साकव पाण्याखाली जातो का, हे हिवाळ्यात समजत नाही. मग मे महिन्यात एकदा विहीर बघायची. निम्मी गिऱ्हाइकं एवढं ऐकूनच गळतात. गळू द्यावीत. उरतात ती पुढे तुमच्याकडे तक्रार घेऊन येत नाहीत.

मोजणीचंही तसंच. पावसात गवत छातीपर्यंत वाढतं, हद्दीचे दगडी गडगे दिसत नाहीत, शेतात भात उभं असतं. भात कापून झालं की मोजणीचे दिवस सुरू होतात आणि भूमी अभिलेख कार्यालयात अर्जांची रांग लागते. तारीख वेळेत हवी तर अर्ज पावसाळ्यातच टाकून ठेवावा. मोजणीच्या दिवशी शेजारच्या हद्दीवाल्यांना नुसती नोटीस पोचून भागत नाही, आदल्या संध्याकाळी स्वतः जाऊन सांगावं लागतं. “काका, उद्या मोजणी आहे, तुम्ही उभे राहा” एवढं सांगितलं तरी पुष्कळ भांडणं टळतात.

कागदांबद्दल लिहितो, कारण पुण्यातल्या फ्लॅटच्या अनुभवाचा इथे फारसा उपयोग नाही. सगळ्यात पहिला अडसर म्हणजे शेतजमीन घेणारा शेतकरी असावा लागतो. कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय ती घेता येत नाही. मुंबईहून फोन करणाऱ्या दहांतले कितीतरी जण इथेच थांबतात. अशांना बिगरशेती झालेली जागाच दाखवावी. “शेतकऱ्याचा दाखला मिळवून देतो” म्हणणारे तुम्हाला भेटतील, त्यांच्यापासून चार हात लांब राहा. लहान तुकड्यांचाही प्रश्न आहे. १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे आणि २०२३ च्या अधिसूचनेने जिरायतीला २० गुंठे व बागायतीला १० गुंठे ही किमान मर्यादा ठरली. गावठाणाजवळ वगैरे सवलती येत असतात, तेव्हा त्या त्या वेळचा नियम तहसील कार्यालयात जाऊन विचारावा, चहाच्या टपरीवर नव्हे.

मग सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ हा रकाना. कोकणात सगळी मेख तिथेच असते. “कलम ४३ च्या बंधनास पात्र” असं दिसलं की लोक घाबरतात, पण ती कुळाने, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याने, कूळकायद्याखाली विकत घेतलेली जमीन असते. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, खरेदीच्या दाखल्याला दहा वर्षं होऊन गेली असतील तर शेतसाऱ्याच्या ४० पट रक्कम भरून ती विकता येते. साऱ्याचा आकार दोन रुपये असेल तर ऐंशी रुपये! इतक्या पैशांसाठी अडून राहिलेले व्यवहार मी पाहिलेत, केवळ कुणी वाचून सांगितलं नाही म्हणून. दुसरी मेख झाडांची. जमीन एकाची आणि त्यातली आंब्याची कलमं भलत्याच्याच नावावर, असंही निघतं. तिसरी वाटेची. पाखाडीने, म्हणजे दगडी पायवाटेने, माणूस जातो म्हणजे गाडीरस्ता आहे असं होत नाही. आणि समुद्र दिसणारी जागा मागणाऱ्याला आधीच सांगा की आपल्याकडच्या बहुतेक किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरांत नवं घर बांधता येत नाही. ज्याला लाटा पायाशी हव्यात त्याने हॉटेलात राहावं.

सर्च रिपोर्ट तालुक्याच्याच वकिलाकडून घ्या, तीस वर्षांचा. खरेदीखतानंतर फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलण्याची, नोटीस निघते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. ते उलटून नोंद मंजूर होईपर्यंत पेढे वाटू नका.

पैशांचं. इकडे दलाली साधारण दोन टक्के, दोन्ही बाजूंकडून, आणि मिळते ती दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अंगठे उमटल्यावर. एक व्यवहार जुळायला वर्ष सहज जातं. म्हणून जोडीला काहीतरी लागतंच. आजोळचं घर आहे म्हणता, तर दोन खोल्या दुरुस्त करून पाहुण्यांसाठी ठेवा, आंब्याची चार कलमं असतील तर ती सांभाळा. मालक बऱ्याचदा म्हणतो, “मला गुंठ्यामागे एवढे दे, वरचे तुझे.” हे घेऊ नका. यात पैसा जास्त आहे, मान्य. पण पुढच्या शिमग्याला घेणारा आणि विकणारा एकाच अंगणात बसतात, भाव निघतो आणि तुमच्याकडे दोघंही बघतात. शहरात दलाल व्यवहारानंतर दिसेनासा होऊ शकतो, गावात त्याला रोज त्याच एसटीने जायचं असतं. प्लॉटिंगच्या नोंदणीकृत प्रकल्पांतले प्लॉट विकणार असाल तर मात्र महारेराची एजंट नोंदणी हवी, आणि त्यासाठी २०२३ पासून प्रशिक्षण आणि परीक्षा आहे. पुण्यात तुम्ही ते केलं असेलच.

आता मजेचं. मिरग (मृग नक्षत्र) लागायच्या आधीचे दिवस मला सगळ्यात आवडतात. आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या साठवणीची, धांदल असते. लाकडं आत टाकायची, कौलं चाळायची, सुकी मासळी डब्यांत भरायची, आंब्याची साठं शेवटची उन्हं देऊन गुंडाळायची. पहिला मोठा पाऊस पडला की रात्री बॅटऱ्या घेऊन चढणीचे मासे धरायला अख्खी वाडी पऱ्यावर. मग लावणी. कंबर मोडते, पण बांधावर बसून खाल्लेल्या भाकरी आणि सुक्या जवळ्याच्या चटणीपुढे पुण्यातलं कुठलंही हॉटेल फिकं. श्रावणात टाकळा, भारंगी, कुरडू फुकट मिळतात. नारळी पौर्णिमा झाली की हर्णैच्या बंदरावर मासळीच्या लिलावाला पुन्हा रंग चढतो. थंडीत नमन या लोकनाट्याचे कार्यक्रम पहाटेपर्यंत चालतात. यातलं काहीच मला सुट्टी काढून करावं लागत नाही.

पण जुलै-ऑगस्टचं दुसरं अंगही सांगतो. वीज दोन-दोन दिवस नसते. कपाटातल्या कपड्यांना आणि फायलींना बुरशी येते, कागद प्लास्टिकच्या पेटीत ठेवावे लागतात. गिऱ्हाईक नसतं, फोनला रेंज नसते, आणि ज्याला बोलायला माणूस लागतो त्याला एकटेपण खायला उठतं. मोठ्या दुखण्याला घाट उतरून खेडला किंवा पुढे चिपळूणला जावं लागतं. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आमच्या बाजूने गेलं तेव्हा किनाऱ्याच्या गावांतल्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. पोफळ पुन्हा लावली तर उत्पन्नाला पाच-सात वर्षं. त्यानंतर काहींनी वाड्या विकायला काढल्या. अशा वेळी भाव पाडून मागणारी गिऱ्हाइकं भरपूर येतात. मी त्या वर्षी एकही वाडी दाखवली नाही. मालकांनाही म्हटलं, वर्षभर थांबा. धंद्याच्या हिशेबात हे बसत नाही, तुम्ही वेगळं वागलात तरी मी नावं ठेवणार नाही.

बायको-मुलांबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत. दापोली शहरात शाळा आहेत, कृषी विद्यापीठामुळे गावाला बऱ्यापैकी वर्दळ आहे. मुलं लहान असतील तर राहायला दापोलीत आणि कामाला गावोगाव, असं सुरुवातीला सोपं जाईल. आजोळच्या गावात एकदम मुक्काम हलवलात तर पहिलं वर्षभर सगळे विचारतील, “नोकरी सुटली काय रे?”

ऑफिस लागेल का, असंही विचारलंय. नाही. मोटारसायकल, रेनकोट, गाव नकाशांच्या प्रती आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीजवळ ओळखीचा एक झेरॉक्सवाला एवढं पुरतं. राजीनामा द्यायच्या आधी या पावसाळ्यात तीन आठवड्यांची रजा काढा आणि आजोळच्या घरात राहून बघा. मे महिन्यात येऊन ठरवू नका, मे महिन्यात कोकण सगळ्यांनाच आवडतं.