काम माझं, बढती दुसऱ्याची

«ताई, नमस्कार. मी नौदलात इलेक्ट्रिकल शाखेत लीडिंग रँकवर, म्हणजे पेटी ऑफिसरच्या (पीओच्या) एक पायरी खाली आहे. नोकरीला ९ वर्षं झाली. जहाज सध्या मुंबईत रिफिटला, म्हणजे मोठ्या दुरुस्तीला, आहे, घर डोंबिवलीला. माझ्यासोबत चिल्क्याला ट्रेनिंग केलेले दोघं पेटी ऑफिसर झाले, मी होतो तिथेच आहे. रात्री मोटर बंद पडली की हाक मला मारतात आणि सकाळी शाबासकी आमच्या पीओला मिळते. बायको म्हणते, ‘तुम्ही बोलत नाही म्हणून असं होतं.’ चुलते आमदारांची चिठ्ठी आणून देतो म्हणतात. मी सरळ सीओंना, म्हणजे जहाजाच्या कमांडिंग ऑफिसरना, भेटू का? की १५ वर्षं भरली की पेन्शन घेऊन बाहेर पडू? – एक नौसैनिक»

नमस्कार भाऊ,

तुमच्या पत्रात दोन दुखणी एकमेकांत गुंतली आहेत. बढती अडली आहे हे एक, आणि केलेल्या कामावर नाव लागत नाही हे दुसरं. दोन्हींवरचा इलाज वेगवेगळा आहे, म्हणून आधी ती सुटी करू.

ते दोघं मित्र कोणत्या शाखेचे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. चिल्क्याला सगळे एकत्र असतात, पण तिथून पुढे वाटा फुटतात आणि बढतीचा रोस्टर, म्हणजे क्रमवारीची यादी, शाखेप्रमाणे चालतो. वरच्या रँकमध्ये जागा रिकामी झाली की खालचा सरकतो. एखाद्या शाखेत पीओंची एक मोठी फळी एकदम निवृत्त होते आणि पोरं भराभर वर जातात. दुसऱ्या शाखेत वरचे अजून दहा वर्षं हलणार नसतात. मित्र तुमच्या शाखेचे नसतील तर त्यांच्याशी तुलना करणं म्हणजे चर्चगेटच्या गाडीची वाट डोंबिवलीच्या फलाटावर बघणं. ते तुमच्याच शाखेचे, तुमच्याच बॅचचे असतील तरच ‘मी का नाही’ हा प्रश्न खरा.

तसं असेल तर अन्यायाचा विचार जरा बाजूला ठेवा आणि स्वतःची कागदपत्रं बघायला मागा. डिव्हिजनल ऑफिसरला, म्हणजे तुमच्या डीओला, रीतसर विनंती करा की पीओच्या बढतीसाठी माझं काय पूर्ण आहे आणि काय बाकी आहे ते बघायचं आहे. शाखेची पात्रता परीक्षा पास आहे का, जरूर तो कोर्स झाला आहे का, समुद्रसेवा पुरेशी भरते का, मेडिकल कॅटेगरी कोणती, वर्तनाच्या पानावर काही आहे का, आणि शिफारस केलेली आहे का, एवढं त्यात दिसलं पाहिजे. अनेकदा घोळ अगदी साधा निघतो. परीक्षा दिलेली असते, पास झालेली असते, पण तेवढ्यात बदलीचा ड्राफ्ट आला, माणूस दुसऱ्या जहाजावर गेला आणि निकालाची नोंद मागेच राहिली. खलाशांच्या बढत्या आणि बदल्या मानखुर्दच्या चीता कॅम्पमधल्या ब्युरो ऑफ सेलर्समधून ठरतात, आणि तिथल्या रेकॉर्डला जे नाही ते रोस्टरसाठी झालेलंच नाही. हार्बर लाइन पकडून स्वतः मानखुर्दला खेटे घालू नका. जहाजाच्या ऑफिसमधून लेखी विचारणा जाऊ द्या, तिचा क्रमांक आणि तारीख टिपून ठेवा, आणि महिन्याभरानं त्याच क्रमांकावर पुन्हा विचारा.

कोर्स बाकी असेल तर हीच वेळ आहे. जहाज समुद्रावर असताना जामनगरला वलसुरा या इलेक्ट्रिकल प्रशिक्षणाच्या तळावर पाठवायला कोणी राजी नसतं, कारण मागे वॉच, म्हणजे पाळीची ड्यूटी, कोण करणार? रिफिटमध्ये माणूस सोडणं सोपं जातं. मात्र रिफिटचे शेवटचे दोन महिने ट्रायल्सची धावपळ असते, तेव्हा मागितलंत तर ‘आत्ता नाही’ हेच उत्तर येणार. म्हणून आजच मागा, आणि नाही म्हणाले तरी विनंती कागदावर असू द्या.

आता कामावर नाव लागत नाही त्याबद्दल. यात सगळी चूक तुमच्या पीओची आहे असं मला वाटत नाही, राग मानू नका. डीओकडे तीस-चाळीस माणसं असतात. तो स्वतः दीड-दोन वर्षांत बदलून जातो. वर्षअखेरीला मूल्यमापन लिहायला बसतो तेव्हा मार्चमधल्या एका रात्री दोन वाजता कोण पंपाच्या मोटरपाशी वाकून बसलं होतं, हे त्याला कुठून आठवणार? तो ‘मेहनती, शांत, कामसू’ असं लिहितो. हे तीन शब्द प्रत्येक दुसऱ्या खलाशाच्या कागदावर असतात. त्यानं बिघडत काही नाही आणि पुढेही कोणी जात नाही.

त्याला लिहिता येईल असं काहीतरी तुम्ही द्यायला हवं. समजा, खाऱ्या पाण्यानं एका पंपाच्या मोटरचं इन्सुलेशन पडलं, मेगरवर (इन्सुलेशन मोजायच्या यंत्रावर) ०.२ मेगओहम दिसतंय आणि सगळे म्हणतायत की मोटर डॉकयार्डात रिवाइंडिंगला द्या. तुम्ही ती उघडलीत, गोड्या पाण्यानं धुतलीत, वाळवलीत, वॉर्निश दिलंत, रीडिंग २० मेगओहमवर आलं आणि मोटर जागेवर बसली. तुम्ही हे सांगता ‘मोटर ठीक केली’ या तीन शब्दांत. त्याऐवजी दोष काय होता, तुम्ही काय केलं, आधीचं रीडिंग किती, नंतरचं किती, डॉकयार्डाचे किती दिवस वाचले आणि सोबत कोण होतं, असं चार ओळींत लिहा. सोबत असलेल्या ज्युनियरचं नाव जरूर घाला. पीओच्या रँकसाठी माणूस तयार आहे की नाही हे बघताना, तो हाताखालच्याला शिकवतो का, हेच वरचे पाहतात. एकट्यानं रात्रभर काम करणारा लीडिंग ‘उत्तम कारागीर’ ठरतो. दोन पोरांना मेगर वाचायला शिकवणारा लीडिंग पीओसारखा दिसायला लागतो.

हे लिहायचं कुठे, ते महत्त्वाचं. मोबाइलमध्ये नाही, व्हॉट्सॲपवर नाही, डोंबिवलीच्या घरातल्या वहीत तर मुळीच नाही. डिसेंबर २०१९ मध्ये नौदलानं जहाजांवर आणि तळांवर स्मार्टफोन आणि फेसबुक बंद केलं ते हेरगिरीचं प्रकरण उघड झाल्यावर. यंत्राचा फोटो काढून ‘पुरावा’ ठेवायला गेलात तर बढती सोडाच, नोकरी वाचवायची पाळी येईल. जहाजावरच्या डिफेक्ट रजिस्टरमध्ये आणि मेंटॉप्सच्या, म्हणजे देखभालीच्या कामांच्या, नोंदीत काम करणाऱ्याच्या जागी स्वतःची सही करा. बहुतेक जण इथेच ढिले पडतात. काम संपल्यावर दमून बंकवर जातात, सकाळी पीओ रजिस्टर भरतो आणि साहजिकच स्वतःची सही करतो. त्यानं चोरी केली असं म्हणता येत नाही, जागा तुम्हीच रिकामी सोडलीत. पाच मिनिटं जास्त थांबा, नोंद करा, मग झोपा.

दर तीन महिन्यांनी डीओकडे दहा मिनिटं मागा आणि जाताना डिव्हिजनल चीफला, म्हणजे पीओच्या वरच्या चीफला, सांगून जा. चीफला वगळून गेलात तर डीओ पहिला प्रश्न त्यालाच विचारणार, आणि तो तुमच्याबद्दल जे बोलेल ते गार चहासारखं असेल. भेटीत पीओबद्दल चकार शब्द काढू नका. ‘या तिमाहीत ही तीन कामं झाली, हा ज्युनियर या कामात तयार झाला, मला पुढचा कोर्स हवा आहे,’ एवढंच बोला. बायको म्हणते तेव्हा तिचा रोख बहुधा याच बोलण्याकडे असावा.

एखादं काम खरोखर मोठं असेल तर शाबासकीपत्रासाठी मसुदा तयार करून डीओच्या हातात द्या. नौदलप्रमुखांची प्रशस्ती २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला जाहीर होते. त्यासाठीची नावं कितीतरी महिने आधी जहाजावरून निघून वरच्या मुख्यालयांत फिरत असतात. डिसेंबरमध्ये आठवण करून दिलीत तर त्या वर्षाची गाडी निघून गेलेली असते. पहिल्या फटक्यात तिथवर कोणी पोहोचत नाही. आधी जहाजाच्या पातळीवरची शाबासकी कागदावर येऊ द्या.

दोन गोष्टी तुम्ही लिहिल्या नाहीत, पण डोंबिवलीचा पत्ता वाचून मला विचाराव्याशा वाटल्या. सकाळी उशिरा पोहोचल्याची नोंद किती वेळा झाली आहे? नौदल गोदीच्या लायन गेटवरच्या रजिस्टरमध्ये ‘मध्य रेल्वे, मेगाब्लॉक’ असा रकाना नाही. वीस मिनिटांचा उशीर दोन-तीनदा झाला की माणूस डिफॉल्टरच्या, म्हणजे शिस्त मोडणाऱ्यांच्या, रांगेत उभा राहतो, आणि तिथं लागलेला डाग चांगल्या कामानं पुसला जात नाही, त्याला वेळ जावा लागतो. रविवारी ड्यूटी असेल तर शनिवारी रात्रीच जहाजावर जा. दुसरं, वजन. रिफिटमध्ये पोट सुटतं. वजनामुळे मेडिकल कॅटेगरी एस-१ ए-१ या पूर्ण तंदुरुस्त श्रेणीवरून घसरली की समुद्रावरची नेमणूक अडते, ती अडली की समुद्रसेवा भरत नाही, आणि मग तुम्ही रोस्टरवर नाव असूनही ताटकळता. अश्विनी या नौदलाच्या इस्पितळात मेडिकल बोर्ड होऊन कॅटेगरी परत मिळेपर्यंत मागचा पुढे गेलेला असतो.

आमदारांची चिठ्ठी नको. चुलत्यांचा जीव तुटतो हे खरं, पण नोकरीच्या बाबतीत बाहेरचं वजन आणणं नौदलात शिस्तभंग धरतात. चिठ्ठी संरक्षण मंत्रालयातून फिरत खाली येते, तुमच्याच सीओंच्या टेबलावर पडते आणि तुमच्या फायलीला लागते. चुलत्यांना सांगा, गणपतीत आमदारांना आरतीला बोलवा, पण माझं नाव काढू नका.

सीओंना भेटता येतं, पण दार वाजवून नाही. डीओमार्फत विनंती टाकायची, ती रिक्वेस्टमेनला, म्हणजे विनंत्या ऐकण्याच्या वेळी, एक्सओंसमोर (सीओंनंतरच्या अधिकाऱ्यासमोर) येते आणि तिथून पुढे जाते. कागद तपासल्यावर सगळी पात्रता पूर्ण, नोंदी ब्युरोत पोहोचलेल्या, आणि तरीही तुमच्याच शाखेतला तुमच्यामागचा माणूस पुढे गेला, असं निघालं तर मात्र गप्प बसू नका. नौदल कायदा, १९५७ च्या कलम २३ प्रमाणे तक्रार करण्याचा हक्क तुम्हाला आहे आणि समाधान न झाल्यास ती केंद्र सरकारपर्यंत नेता येते. त्याच्याही पुढे सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, त्याचं एक खंडपीठ मुंबईतच आहे. तिथे आधीचे मार्ग वापरून झालेले असावे लागतात, आणि अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत जावं लागतं. तक्रारीत तारखा, नोंदींचे क्रमांक आणि तुमच्या मागून पुढे गेलेल्याची ज्येष्ठता लिहा. ‘माझा अपमान होतो’ हे वाक्य गाळा.

पेन्शन घेऊन निघायचं का, याचा निर्णय आज घेऊ नका, त्याला अजून सहा वर्षं आहेत. घरी पैशांवरून बोलणं होत असेल तर आकडे समोर ठेवा. लीडिंगचा वेतनस्तर ४, सुरुवात २५,५०० रुपये. पीओचा स्तर ५, सुरुवात २९,२००. बढती मिळाली की हा सगळा फरक एकदम हातात पडत नाही. आधी एक वेतनवाढ देतात आणि मग वरच्या स्तरातल्या तेवढ्याच किंवा लगेच वरच्या आकड्यावर बसवतात. मिलिटरी सर्व्हिस पे ५,२०० तोच राहतो. रँक न मिळताही ८, १६ आणि २४ वर्षांना एमएसीपी योजनेनं वेतनस्तर वाढतो, फक्त आधी मिळालेली बढती त्यात मोजली जाते. तुमचं लीडिंग होणं त्यात धरलं गेलं का, ते कागद बघताना विचारून घ्या.

अधिकारी व्हायची इच्छा असेल तर सीडब्ल्यू स्कीमचा, म्हणजे खलाशांमधून अधिकारी निवडण्याच्या योजनेचा रस्ता आहे, एसएसबीच्या निवडचाचणीतून. त्याला वयाची अट आहे आणि ९ वर्षांची नोकरी झालेल्या माणसानं ती याच आठवड्यात बघायला हवी. पीओ होईपर्यंत थांबलात तर ते दार तोवर बंद झालेलं असेल.

– ताई