फोटोतील गाडीच्या काचा गडद करताना प्रतिबिंब कसे राखावे?

फोटोशॉपमध्ये गाडीच्या काचांवर पुसटसा काळा रंग भरला तरी त्या फिल्म लावल्यासारख्या न दिसता रंग फासल्यासारख्या का दिसतात, असे आपण विचारले आहे. फिल्म काचेला आतून चिकटवलेली असते. त्यामुळे आतल्या सीटवरून आणि स्टिअरिंगवरून येणारा प्रकाश तिच्यात अडतो, पण काचेच्या बाहेरच्या बाजूला पडलेले आकाशाचे नि झाडांचे प्रतिबिंब पूर्वीइतकेच उजळ राहते, किंबहुना मागे अंधार झाल्याने ते अधिकच उठून दिसते. आपला काळा रंग मात्र दोन्ही सरसकट झाकतो. लेयरचा (चित्रावर ठेवलेल्या थराचा) मोड ‘मल्टिप्लाय’, म्हणजे खालचे चित्र गडद करणारा, केल्यानेही हा दोष जात नाही, कारण त्यातही प्रतिबिंब तितकेच काळवंडते.

प्रथम पेन टूलने प्रत्येक काच वेगळी निवडावी, रबरी पट्टी व वायपर वगळावेत आणि कडेला अर्धा ते एक पिक्सेल फेदर द्यावे, म्हणजे कड किंचित मऊ होते. त्या निवडीवर राखाडी ‘सॉलिड कलर’ लेयर घेऊन त्याचा मोड मल्टिप्लाय ठेवावा. राखाडीची छटा मी अंदाजाने घेत नाही. आपल्याकडच्या नियमानुसार बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, म्हणून तेच प्रमाण धरू. छटा ० (काळा) ते २५५ (पांढरा) अशा आकड्यांत मोजतात; नेहमीच्या एसआरजीबी (प्रचलित रंगपद्धतीतल्या) फोटोत प्रकाश निम्मा करायला १२८ नव्हे, तर सुमारे १८६ ही छटा लागते. पण पलीकडच्या खिडकीतून दिसणारा रस्ता दोन काचा ओलांडून आपल्यापर्यंत येतो, त्यामुळे त्याचा प्रकाश पावच उरतो आणि तेवढ्या भागासाठी सुमारे १३६ ची छटा घ्यावी लागते. हा फरक केला नाही, तर पलीकडची काच साधीच राहिल्यासारखी वाटते.

प्रतिबिंब वाचवण्यासाठी लेयर स्टाइलमधील ‘ब्लेंड इफ’ मला सर्वांत भरवशाचे वाटते; खालच्या चित्राच्या उजळपणानुसार लेयर कुठे दिसावा हे ते ठरवते. तिथे ‘अंडरलाइंग लेयर’चा पांढरा स्लायडर डावीकडे सरकवावा, आणि ऑल्ट दाबून त्याचे दोन भाग करून ते एकमेकांपासून दूर न्यावेत, म्हणजे उजळ भाग हळुवारपणे मोकळे होतात. संगणकाला मात्र प्रतिबिंबातले आकाश आणि पलीकडच्या खिडकीतला उन्हातला रस्ता यांतला भेद कळत नाही; दोन्ही उजळच असतात. म्हणून त्या रस्त्यासाठी ब्लेंड इफ नसलेला स्वतंत्र लेयर घ्यावा, आणि त्याच्या मास्कवर (लेयरचा कोणता भाग दिसावा हे ठरवणाऱ्या आवरणावर) मऊ ब्रशने हाताने काम करावे. माझा निम्म्याहून अधिक वेळ याच मास्कवर जातो.