मागच्या चाकातील एकच ड्रम ब्रेक पायाच्या आणि हाताच्या, अशा दोन्ही ब्रेकांचे काम कसे करतो?

मागच्या ड्रममधील (चाकासोबत फिरणाऱ्या गोल डब्यातील) तेच दोन ब्रेक शू, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे कमानीसारखे तुकडे, दोन्ही कामे करतात. त्यांना ड्रमवर दाबणारी यंत्रणा मात्र दोन्ही वेळी वेगळी असते. पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलच्या दाबाने व्हील सिलिंडरमधील (दोन शूंच्या मधल्या छोट्या नळकांड्यातील) पिस्टन बाहेर सरकून शू फाकवतात. हँडब्रेक ओढल्यावर केबल एका शूला जोडलेली तरफ खेचते आणि मधली पट्टी दुसऱ्या शूला विरुद्ध बाजूला ढकलते, म्हणूनच ऑइल संपून पेडल खाली गेले तरी हँडब्रेक लागू शकतो. धुळ्यातील गॅरेजमध्ये ड्रम उघडण्याचे काम मी नेहमी करतो, त्यामुळे एक गोष्ट आवर्जून सांगतो: सिलिंडरचे रबर फाटून लायनर (शूवरचे घासणारे अस्तर) ऑइलने ओले, काळपट झाले असेल, तर त्या चाकावरील दोन्ही ब्रेकांची पकड एकदमच कमी होते, आणि अशी गाडी चाळीसगावहून कन्नड घाटात नेऊच नये. हे वर्णन कार, जीप अशा ऑइल ब्रेकच्या गाड्यांचे आहे. एअर ब्रेकच्या बहुतेक ट्रकांत हँडब्रेक स्प्रिंगच्या जोराने लागतो आणि हवेच्या दाबाने सुटतो.