‘सेट’ या इंग्रजी शब्दाचे इतके अर्थ लक्षात कसे ठेवायचे?

डिक्शनरीत ‘सेट’चे अर्थ संपतच नाहीत, ते पाठ कसे करू, असं तुम्ही विचारलंय. पाठ करूच नका. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ च्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद याच शब्दाची होती, एकट्या क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ. एवढं कोण पाठ करणार?

मी कोल्हापूरचा, शिरोली एमआयडीसीत लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत कातायच्या यंत्रावर, काम करतो. जॉब म्हणजे तो कातायचा तुकडा चकमध्ये, म्हणजे यंत्राच्या जबड्यांच्या पकडीत, धरायचा, तो किंचित वाकडा फिरला तरी काट्यानं दाखवणारा डायल लावायचा, चक हातानं फिरवत एकेक जबडा कमी-जास्त करायचा. डायलचा काटा हलायचा थांबला की म्हणायचं, ‘सेट झाला’. म्हणजे काय झालं? जॉब जागेवर बसला. ‘सेट’चं मूळ नेमकं इथंच आहे.

इंग्रजीत ‘सिट’ म्हणजे बसणे आणि त्याचंच प्रयोजक रूप ‘सेट’, म्हणजे बसवणे. आपल्याकडं ‘बस’चं ‘बसव’ होतं, अगदी तसंच. हे कळलं त्या दिवशी मला फार आनंद झाला होता. आता बघा, गुजरीत सोनार अंगठीत खडा बसवतो: सेट. तालमीत कुणाचा खांदा निखळला की वस्ताद तो बसवतात: सेट. मोडलेलं हाड बसवणं, हेही सेटच. सगळीकडं वस्तू तिच्या जागी पक्की होते.

जिथं ‘बसवणे’ चालत नाही तिथं ‘लावणे’ किंवा ‘मांडणे’ घालून बघा. गजर लावला, सापळा लावला, आग लावली, जेवणाची ताटं मांडली. दही लागतं, सिमेंट धरतं, तेही सेट होणंच. साध्या पोर्टलँड सिमेंटला पाणी घातल्यावर पहिली ३० मिनिटं तरी ते धरू नये, असं आपलं भारतीय मानक सांगतं. सूर्याचं थोडं वेगळं आहे. रंकाळ्यावर आपण दिवस मावळला म्हणतो, इंग्रजीत तो दमून खाली बसला असं समजा.

एक मात्र वेगळं ठेवा. भांड्यांचा सेट, दागिन्यांचा सेट, यातला ‘सेट’ मुळात दुसराच शब्द आहे. तो लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला, त्याचा ‘बसवणे’शी मूळचा संबंध नाही. उच्चार सारखा, म्हणून डिक्शनरीत गर्दी आणखी वाढते.

आणि परीक्षेत भूतकाळाला ‘सेटेड’ लिहू नका, तिन्ही रूपं ‘सेट’च राहतात.