घरामागच्या चर्चच्या नव्या पार्किंग लॉटला विरोध करावा का?

प्रश्न: न्यू जर्सीत आमच्या घरामागे चर्च आहे. लागूनच असलेल्या झाडीच्या प्लॉटवर पार्किंग लॉट करण्यासाठी त्यांनी टाउनशिपकडे (इथल्या स्थानिक प्रशासनाकडे) अर्ज केलाय. शेजारी विरोधाच्या सह्या गोळा करताहेत. आम्ही इथे नवीन आहोत. सही करावी की गप्प बसावं?

उत्तर: सही करू नका आणि गप्पही बसू नका. सुनावणीला जा आणि स्वतः बोला.

मी सिव्हिल इंजिनिअर आहे. न्यू जर्सीतच साइट प्लॅन आणि ड्रेनेजची कामं करतो, त्यामुळे अशा सुनावण्या जवळून पाहिल्या आहेत. अशा अर्जांवर निर्णय देणाऱ्या टाउनशिपच्या प्लॅनिंग किंवा झोनिंग बोर्डाचं कामकाज बरंचसं कोर्टासारखं चालतं. साक्ष शपथेवर होते आणि अर्जदाराच्या इंजिनिअरला तुम्ही थेट प्रश्न विचारू शकता. सह्यांच्या कागदाला मात्र कोणी प्रश्न विचारू शकत नाही, म्हणून पुरावा म्हणून त्याला वजन नसतं. बोर्डाच्या सदस्याला घरी फोन करून गाठायचा प्रयत्नही करू नका, ते नियमात बसत नाही.

आता विरोध नेमका कशाला, हे आधी ठरवा. ‘चर्चला परवानगीच देऊ नका’ ही मागणी इथे फारशी टिकत नाही. प्रार्थनास्थळ हे मुळातच लोकोपयोगी मानलं जातं. अशा अर्जाचा विचार कसा करायचा हे न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने 1992 मध्ये सिका खटल्यात सांगितलं: लोकांचा फायदा किती ते बघा, शेजाऱ्यांना त्रास काय होईल ते बघा, वाजवी अटी घालून तो त्रास कमी करा आणि मग दोन्ही तोलून बघा. यातली तिसरी पायरी तुमची. तुम्ही त्रास नेमका दाखवून दिलात, तर त्यावर अट घालण्याचा विचार बोर्डाला करावाच लागतो.

शिवाय 2000 सालचा केंद्रीय कायदा धार्मिक संस्थांच्या जमीनवापराला संरक्षण देतो. न्यू जर्सीतल्याच बर्नार्ड्‌स टाउनशिपमधलं मशिदीचं प्रकरण पार्किंगवरूनच पेटलं होतं. तिथे चर्चसाठी 3 माणसांमागे 1 जागा असा नियम होता. त्या हिशेबाने मशिदीने 150 जणांसाठी 50 जागा दाखवल्या, तर बोर्डाने 107 मागितल्या. 39 सुनावण्यांनंतर अर्ज फेटाळला. पार्किंगच्या मुद्द्यावर फेडरल न्यायाधीशाचा निकाल टाउनशिपच्या विरोधात गेला आणि 2017 मध्ये साडेबत्तीस लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली. आपली मंदिरंही याच बोर्डांपुढे उभी राहतात, तिथेही पार्किंगवरूनच भांडणं होतात. म्हणून मला मनापासून वाटतं, आपण बोलताना चर्चबद्दल, तिथे येणाऱ्या माणसांबद्दल एक शब्दही वावगा जाऊ नये. बोला ते डांबराबद्दल.

सगळ्यात महत्त्वाचं पाणी. एक एकर डांबरावर 25 मिमी पाऊस पडला की साधारण एक लाख लिटर पाणी होतं. आज त्यातलं पुष्कळसं ती झाडी मुरवते. एका सुनावणीत एक वयस्कर बाई मागच्या अंगणाचे फोटो घेऊन आल्या होत्या. कुंपणाचे खांब पाण्यात, तळघराच्या खिडकीपर्यंत चिखल. त्यांनी नकाशावर बोट ठेवून एवढंच विचारलं, “हा चर माझ्या कुंपणापाशी संपतो. पुढे पाणी कुठे जातं?” इंजिनिअरने नकाशा फिरवून पाहिला आणि बराच वेळ काही बोलला नाही. पुढच्या तारखेला सुधारित नकाशा आला. त्यात तिथे जाळीचं चेंबर होतं आणि पाइप थेट रस्त्याच्या स्टॉर्म ड्रेनपर्यंत (पावसाच्या पाण्याच्या गटारापर्यंत) नेलेला होता.

तुम्हीही पुढच्या मोठ्या पावसात फोटो काढून ठेवा. नकाशे सुनावणीआधी किमान 10 दिवस टाउनशिपच्या ऑफिसात बघायला मिळतात. त्यावर तुमच्या घराकडचा उतार, डिटेन्शन बेसिन (पावसाचं पाणी तात्पुरतं साठवणारा खड्डा) आणि तो भरला तर पाणी कुठून बाहेर पडेल ही जागा शोधा. नुसत्या रेषा दिसत असतील तर एखाद्या ओळखीच्या सिव्हिलवाल्याला बरोबर न्या.

बर्फाचंही विचारा. प्लाऊवाला लोटलेला बर्फ कुठे ढीग करणार? तो ढीग तुमच्या कुंपणाशी लागला, तर मार्चमध्ये वितळलेलं मिठाचं पाणी तुमच्याच अंगणात येईल. दिव्यांच्या खांबांची उंची, उजेड फक्त खालीच पडेल असं झाकण त्यांना आहे का, रात्री किती वाजता बंद होणार, हेही विचारा. गाड्यांचे हेडलाइट अडवायला भरीव कुंपण आणि बारमाही हिरवी राहणारी झाडं मागा. प्रार्थना नसताना गेटला साखळी लागेल का, हे माझ्या मते दिव्यांपेक्षाही महत्त्वाचं, कारण रात्री मोकळा लॉट दिसला की गाड्या फिरवायला पोरं येतातच.

आणि इतका मोठा लॉट लागतो का, हेही नम्रपणे विचारा. जवळच्या शाळेचा लॉट रविवारी रिकामा असेल तर तो वापरण्याचा करार होऊ शकतो. ईस्टर आणि ख्रिसमसच्या गर्दीसाठी वर्षभर डांबर पसरून ठेवायची गरज नसते. हे सगळं सुनावणीआधी चर्चमध्ये जाऊन पाद्रींशी बोललात तर उत्तम. अर्ध्या गोष्टी तिथेच मान्य होतात.

तुमचं घर 200 फुटांच्या आत असेल तर तुम्हाला नोटीस यायला हवी. ती झोनिंग बोर्डाची असून ‘यूज व्हेरियन्स’ (त्या भागात नियमाने न चालणाऱ्या वापरासाठी खास सूट) मागितला असेल, तर मंजुरीला 7 पैकी किमान 5 मतं लागतात.

मतदानानंतर काम संपलं असं समजू नका. नंतरच्या बैठकीत लेखी ठराव येतो, तो शब्दन्‌शब्द वाचा. तोंडी कबूल झालेलं गेट किंवा झाडं त्यात नसतील तर बोर्डाच्या सेक्रेटरीला लगेच लेखी कळवा. निर्णयाची सूचना छापून आल्यापासून कोर्टात जायला 45 दिवस असतात, तेवढ्यात वकिलाचा सल्ला घेता येतो.